कठाणीची कन्नी

धानोऱ्याहून गडचिरोलीला जायचं तर कठाणी नदी ओलांडावी लागते. उन्हाळ्यात ती घोट्याएवढी असते, लेकरंही खेळत पार होतात. पण आषाढ लागला की पार पौषापर्यंत डोंग्याशिवाय इलाज नाही. ही गोष्ट चोपन्न-पंचावन्न सालची. त्या वेळी चिचटोल्याच्या घाटावर वारलू धिवराचा जोडडोंगा चालायचा. खोडातून कोरलेले दोन लांब डोंगे शेजारी शेजारी बांधायचे, वर फळ्या ठोकायच्या, झाला जोडडोंगा. त्यावर माणसं तर बसतच, पण बैलांसकट गाडीही चढे.

वारलू उंच आणि रुंद छातीचा गडी. लांब बांबू तळाला टेकवून तो सगळा भार अंगावर घेई आणि डोंगा पुढे रेटी. बाप घाटावर होता, आजा घाटावर होता. सुगीला दोन्ही काठचे शेतकरी खळ्यावरून त्याच्या वाट्याचं धान बाजूला काढून ठेवत. माणूस समाधानी होता. नदीचं रोजचं तोंड बघून तो सांगे, आज वर कुठं पाऊस पडला ते.

त्याची बायको गुणाबाई घाटावरच झोपडीच्या सावलीत मुरमुरे फोडायची. तापलेल्या वाळूत तांदूळ टाकले की ते फुलून येत आणि घाटावर खमंग वास सुटे. गुणाबाईला प्रश्न फार पडत. धूर डोळ्यात जातो तर तो बाहेर काढायला वाट का नसावी, असं वाटून तिनं एकदा चुलीच्या मागं मातीचं नळकांडं थापून ते कुडाबाहेर काढलं होतं. आधी सगळ्या बायका हसल्या. मग एकेक करून नळकांडं कसं थापायचं ते विचारायला आल्या. वारलू म्हणायचा, "इच्या डोक्यात उंदीर हाय. रातदिवस कुरतडत रायते." पण हे तो कौतुकानंच म्हणायचा.

त्या वर्षी श्रावणात भर धारेत एक बैल बुजला. त्यानं मान झटकली, जू निसटलं आणि वारलूच्या उजव्या खांद्यावर आदळलं. गाडी वाचली, बैल वाचले, वारलूचा खांदा मात्र निखळला. पलीकडच्या मुरमाडीच्या वैदूनं तो जागेवर बसवला, पाला बांधला. महिन्याभरात दुखणं गेलं. हात मात्र खांद्याच्या वर जाईना. हात वर जात नाही म्हटल्यावर बांबू कसा धरणार?

गुणाबाईनं बांबू हातात घेतला. धिवराची लेक होती, डोंगा तिला नवा नव्हता. माणसं ती नेई-आणी. पण बैलगाडीचा भार धारेविरुद्ध रेटणं तिच्या अंगाबाहेरचं होतं. गाड्या घाटावर थांबून राहायच्या. गाडीवान विड्या ओढत बसायचे आणि वारलू तोंड फिरवून जाळी विणत बसायचा. हसता माणूस गप्प झाला होता.

भाद्रपदातली एक दुपार. घाटावर कोणी नव्हतं. गुणाबाईनं एक सुटा डोंगा वरच्या अंगाच्या अर्जुनाच्या झाडाला लांब दोरानं बांधला आणि भाकर खायला बसली. रोज ती दोर नाकाच्या कडीत बांधायची. त्या दिवशी घाईत तिनं तो कडीच्या हातभर मागं, बाजूच्या फळीला बांधला. दोन घास झाले नसतील, तोच डोंगा हलायला लागला. काठ सोडून तो आपोआप धारेकडे निघाला. ना बांबू, ना माणूस. दोर ताणला जाईपर्यंत तो तिरपा तिरपा सरकत गेला आणि पार आत, खोल पाण्यात जाऊन उभा राहिला.

गुणाबाईनं त्याला ओढून आणलं. तो पुन्हा गेला. तिनं दोर नाकाच्या कडीत बांधला. डोंगा काठाशी नीट उभा राहिला, फक्त शेपूट हलवत. परत फळीला बांधला. परत निघाला. भाकर तशीच राहिली. पलीकडच्या काठावर माणसं येऊन हाका मारायला लागली, "वो बाई! झोपली का वो?" तरी तिचं लक्ष नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं. याला ढकलतंय कोण?

ढकलत होती ती नदी. वरून खाली जायच्या नादात ती ज्याच्यावर आदळेल त्याला रेटत होती. दोर त्या डोंग्याला खाली जाऊ देत नव्हता, म्हणून तो बाजूला सरकत होता. गुणाबाईला एकदम वाटलं, आजेसासऱ्यापासून आपण या पाण्याशी भांडत आलो. पाणी खाली ओढतं, आपण आडवं रेटतो. आणि या नदीबाईच्या अंगात एवढं बळ, की सागाचे ओंडके पेंढीसारखे वाहून नेते. तिलाच आपल्याला पार न्यायला लावलं तर?

त्या विचारानं तिला हसू आलं. मग हसू थांबलं आणि ती खरोखरच विचार करायला लागली.

झोपडीच्या मागून एक नाला नदीला मिळायचा. गुणाबाईनं सावरीच्या हलक्या लाकडाची वीतभर फळी तासली, नाल्यावर काठापासून काठापर्यंत दोरी ताणली, दोरीत बांगडी ओवली आणि बांगडीला सुतळीनं फळी बांधून पाण्यात सोडली. आता फळी दोरीच्या आधारानं पार जाईल, असा तिचा हिशेब. पण फळी गरगर फिरली, नाक खुपसून बुडाली, वर आली, परत फिरली. सुतळी इथं बांध, तिथं बांध, तिनं सगळं करून पाहिलं. कधी थोडी सरके, कधी जागीच भोवरा.

ती अशी गुडघाभर पाण्यात उभी असताना फारूक मिस्त्री आला. फारूक पूर्वी घुग्घुसच्या कोळसा खाणीत फिटर होता. डबे ओढणाऱ्या इंजिनावर आणि त्याच्या लोखंडी रस्सीवर त्यानं बरीच वर्षं काढली होती. कोळशाच्या धुळीनं छाती धरली तेव्हा खाण सोडून तो बायकोला घेऊन धानोऱ्याला आला आणि सायकली, पेट्रोमॅक्स, कुलपं दुरुस्त करायला लागला. सामान आणायला तो दर आठवड्याला गडचिरोलीला जाई. घाटावर हाका मारून कोणी येईना, म्हणून तो झोपडीमागं शोधत आला होता.

"गुणाबाई, काय करून राह्यल्या?"

"नदीले कामाले लावून राह्यली," ती मान वर न करता म्हणाली.

फारूक मोठ्यानं हसला. पण मग त्याची नजर ताणलेल्या दोरीवर गेली, बांगडीवर गेली, फळीवर गेली. त्यानं सायकल झाडाला टेकवली, पायजमा वर खोचला आणि पाण्यात उतरला.

"मले नीट सांगा," तो म्हणाला.

तिनं अर्जुनाच्या झाडाची सगळी हकिकत सांगितली. फारूक ऐकत होता, मधेच बोटानं फळी फिरवून बघत होता. खाणीत त्यानं रस्सीला अडकवलेले डबे मैलभर चालताना पाहिले होते. पण तिथं इंजिन होतं. इथं ही बाई म्हणत होती, इंजिन फुकटातच वाहून जातंय.

"हे फिरून काऊन राह्यलं, थे कळत नाई," गुणाबाई म्हणाली. "एका जागी बांधलं का थे आपल्याच मनानं फिरते."

फारूकनं फळी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. आणि एकाएकी त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे, ही तं पतंग हाय!"

"काय हाय?"

"पतंग, बाई, पतंग! पाणी म्हंजे हवा समजा. पतंगाले एकाच ठिकाणी मांजा बांधला तं काय होते? गरगर फिरते अन् नाक खुपसते. म्हून आपण त्याले कन्नी बांधतो. वर एक गाठ, खाली एक गाठ. कन्नी आखूड-लांब केली का पतंग तिरपी होते, अन् जिकडं पायजे तिकडं जाते. लहानपणी चांद्यात माह्या हातून कन्नी बांधून घ्याले पोरं रांग लावत."

त्यांनी फळीच्या एका टोकाला एक सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोरीवर दोन बांगड्या. फारूकनं समोरची सुतळी आखूड ठेवली, मागची सैल सोडली. फळी पाण्यात तिरपी झाली, क्षणभर थरथरली आणि चालायला लागली. नाल्याच्या मधोमध गेली, मध ओलांडला, पल्याडच्या काठाला जाऊन टेकली. गुणाबाईनं धावत जाऊन उलटं केलं. ही सुतळी सैल, ती आखूड. फळी गुमान परत आली.

"ज्या आंगाची दोरी आखूड, त्या आंगाले जाते," ती हळू आवाजात म्हणाली. जणू मोठ्यानं बोललं तर फळी ऐकेल आणि विसरेल.

फारूकची त्या दिवशीची गडचिरोली राहिली. पलीकडून हाका मारणारेही शेवटी कंटाळून मुरमाडीला परतले होते. दोघं मात्र लहान पोरांसारखी फळी इकडून तिकडे पाठवत बसली.

घरी वारलूला सांगायचं काम अवघड होतं. संध्याकाळी त्याच्या पुढ्यात भाताची थाळी ठेवून गुणाबाईनं विषय काढला. वारलूनं सगळं ऐकून घेतलं आणि थाळी बाजूला सारली.

"बह्याड झाली का तू? डोंगा का बैल हाय, दाव्याले बांधाले?"

"अजी, पण थो चालते. म्या डोळ्यानं पायलं."

"नाल्यात चालते. नाल्यात बदकही चालते." त्याचा आवाज चढला. "माह्या बापानं अन् आज्यानं हातानं डोंगा चालवला. आता रस्सी चालवन. मंग वारलू धिवर कायले पायजे घाटावर?"

गुणाबाईला कळलं, दुखतंय ते खांद्याच्या बरंच आत आहे. थोड्या वेळानं वारलूच म्हणाला, आता जरा हळू, "अन् पूर येईन तवा? वरतून झाडं येतात मुळासकट. तुह्या रस्सीले अडकतीन. रस्सी तुटन, नाईतं डोंगा घेऊन जाईन. थे कोन पायन?"

"थे तं मले सुचलंच नाई," गुणाबाई म्हणाली. आणि ते खरं होतं. तिचा चेहरा एवढा पडला की वारलूलाच वाईट वाटलं. त्यानं थाळी परत ओढून घेतली आणि मुकाट जेवला.

सकाळी ती वाळू तापवत होती तर वारलू समोर येऊन बसला. हातात काडी होती. त्यानं जमिनीवर दोन रेघा ओढल्या, म्हणजे नदी. आडवी एक रेघ, म्हणजे रस्सी.

"पल्याडच्या टोकाले पक्की बांध," तो म्हणाला. "अन् आपल्या टोकाले रहाट लाव, विहिरीवर रायते तसा, पण चांगला जाड. पूर आला का रहाट उलटा सोडाचा. रस्सी ढिली होऊन तळाले बसन. झाडं वरतून जातीन. पूर वसरला का परत ताणाची."

गुणाबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"काऊन? मले डोकं नाई का?" वारलू म्हणाला आणि किती दिवसांनी हसला. "पण एक सांगून ठेवतो. रस्सी कवा सोडाची, थे मी सांगीन. पाणी मले कळते."

आता प्रश्न रस्सीचा होता. सुताचा किंवा अंबाडीचा दोर एवढा भार घेणार नाही, पाण्यात कुजेल. फारूक म्हणाला, "घुग्घुसले जुनी लोखंडी रस्सी पडून रायते. खाणीत माणसं अन् डबे ओढाले थे चालत नाई, जरा घासली का काढून टाकतात. पण आपल्या कामाले लय झाली." तो घुग्घुसला गेला. तिथल्या इंजिनियरनं विचारलं, कशाला हवी. फारूकनं खडूनं फरशीवर नदी काढली, डोंगा काढला, कन्नी काढली. इंजिनियर खुर्ची सोडून खाली उकिडवा बसला. त्यानं खूप प्रश्न विचारले, मग रस्सी दिली, खोबणीच्या दोन जड गराऱ्या, म्हणजे कप्प्या, दिल्या. रस्सीला गाठ मारायची नाही, तिचे पीळ उलगडून एकमेकांत विणायचे, हेही बजावलं. आणि निघताना म्हणाला, साहेबांच्या मुलखात मोठ्या नद्यांवर अशा नावा चालतात, त्याचं चित्र मी पुस्तकात पाहिलंय.

ही शेवटची गोष्ट गुणाबाईला सांगताना फारूक कचरत होता. आपण काही नवं काढलं असं तिला वाटत असेल आणि तिचा हिरमोड होईल, असं त्याला वाटलं. पण गुणाबाईचे डोळे चमकले.

"म्हंजे तिथच्या नद्याही अशाच ढकलतात!" ती म्हणाली. "मंग होते, भाऊ. मंग आपलं नक्की होते."

रस्सी लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून घाटाजवळच्या सडकेपर्यंत आली. चिचटोल्याचे पाटील बापूजी यांनी दवंडी दिली, आणि दोन्ही काठची माणसं जमली. रस्सी खांद्यावर घेऊन ती रांगेनं नदीकडे निघाली तेव्हा बायका ते बघायला बांधावर उभ्या राहिल्या. अलीकडे अर्जुनाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी जाड लाकडाचा रहाट पुरला. पलीकडे सगळ्यात मजबूत झाड होतं ते ऐनाचं. फारूक तिकडे रस्सी घेऊन निघाला, तर मुरमाडीच्या गोंड टोल्यातला जंगू पुढं आला.

"त्या झाडाले नाई, मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला. "थे आमच्या देवाचं झाड हाय. लोखंड नाई बांधत त्याले."

कोणी वाद घातला नाही. जंगूनं आणि त्याच्या भावांनी जंगल खात्याच्या नाकेदाराला सांगून सागाचा एक ओंडका मिळवला, पुरुषभर खोल खड्डा खणला आणि दगड ठेचून खांब उभा केला. तो खांब एवढा पक्का बसला की फारूकनं त्याला पाठ लावून जोर लावला आणि हात झटकून म्हणाला, "घुग्घुसलेही असा खांब नाई पायला."

दसरा झाला आणि एका सकाळी जोडडोंगा रस्सीला लावला. रस्सीवर दोन गराऱ्या, त्यांना दोन दोर, एक डोंग्याच्या नाकाला, एक शेपटाला. पहिल्या फेरीला उतारू नको, गाडी नको, असं ठरलं. गुणाबाई आणि फारूक दोघंच वर. काठावर जत्रा. वारलू अर्जुनाखाली रहाटाजवळ उभा.

गुणाबाईनं शेपटाचा दोर सैल सोडला. डोंगा तिरपा झाला. पाणी त्याच्या अंगावर चुबुकचुबुक आदळलं आणि डोंगा निघाला. काठावर एकच गलका झाला. गराऱ्या रस्सीवर कुरकुरत सरकत होत्या. गुणाबाईच्या हातात बांबू नव्हता आणि तिला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

मध ओलांडल्यावर डोंगा थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. रस्सी त्याच्या ओढीनं खालच्या अंगाला वाकली होती, आणि पुढं गराऱ्यांना चढ लागत होता. डोंगा थरथरत होता, पाणी फळ्यांवर यायला लागलं. कोणीतरी ओरडलं, "गेला, गेला!" फारूकनं दोर घट्ट धरला, पण काय करायचं ते त्याला सुचेना.

तेव्हा काठावरून वारलूचा आवाज आला. तोच जुना आवाज, पावसातही पलीकडे ऐकू जाणारा.

"शेपूट सोड! गुणा, शेपूट सोड! लय आडवा धरला त्याले! पाणी छातीवर घेऊन राह्यला थो, बगलेतून जाऊ दे!"

तिनं मागचा दोर आणखी हातभर सोडला.

"अजून! अजून सोड! हां... आता धर!"

डोंग्याचं नाक धारेकडे वळलं. फळ्यांवरचं पाणी उतरलं. क्षणभर काही झालं नाही. मग एक गरारी कुरकुरली, पाठोपाठ दुसरी, आणि डोंगा चढावर गाडी चढावी तसा हळूहळू, पण न थांबता, पुढं गेला. सागाच्या खांबाखाली तो वाळूला टेकला तेव्हा जंगूनं उडी मारून कडी पकडली. अलीकडच्या काठावर माणसं नाचत होती. वारलू नाचत नव्हता. तो रहाटावर डावा हात ठेवून उभा होता, आणि जवळच्या माणसांनी नंतर सांगितलं की तो नुसता "वा वो, वा वो," असं पुटपुटत होता.

परतीच्या फेरीला जंगूची गाडी, दोन बैल आणि जमतील तेवढी माणसं आली.

मग घाटाचे दिवसच बदलले. गाड्या थांबेनाशा झाल्या. गुणाबाई एका हातानं दोर सोडे, दुसऱ्यानं ओढे, आणि मधल्या वेळात मुरमुऱ्यांचे पुडे बांधी. पाण्याचा जोर बघून दोर किती सोडायचा हे वारलू सांगे. काही दिवसांनी त्यानं दोरांवर गेरूनं खुणा केल्या. पाणी चढतं असेल तर इथपर्यंत, उतरतं असेल तर तिथपर्यंत. त्या खुणांमुळे डोंगा परत कधी मधे अडकला नाही. धानोऱ्याच्या बाजाराला आलेली माणसं काही काम नसताना नुसती बसायला येत, पलीकडे जात आणि परत येत.

फारूकची बायको सुलताना पाण्याला फार भ्यायची. तिचं माहेर गडचिरोलीचं. पण पावसाळ्यात डोंग्यात बसायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडत, आणि पाणी उतरेपर्यंत तिची आईची भेट होत नसे. त्या कार्तिकात फारूकनं तिला घाटावर आणलं. ती फळ्यांच्या अगदी मधोमध बसली, ओढणी डोळ्यांवर घेतली, गुणाबाईचा पदर मुठीत धरला.

"चालू झाला तं सांगजा, बाई," ती म्हणाली. "मी दुवा मांगीन."

गुणाबाईनं दोर सोडला. बांबूचा दणका नाही, हेलकावा नाही, ओरडा नाही. सुलताना ओठ हलवत बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं दबक्या आवाजात विचारलं, "अजून काऊन नाई निघाला?"

"अवो, पोचला!" गुणाबाई म्हणाली.

सुलतानानं ओढणी काढली. समोर पल्याडची वाळू होती. तिनं मागं वळून नदीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात घेऊन एवढी हसली की फारूकही लाजला.

पुढच्या श्रावणात पहिला मोठा पूर आला. सकाळी पाणी अजून काठाच्या खाली होतं, आभाळही तसं मोकळंच. वारलू काठावर उभा राहून पाण्याचा रंग बघत होता. "डोंगा वर ओढा," तो एकदम म्हणाला. "रस्सी सोडतो." बापूजींना वाटलं, घाई होतेय, पलीकडे माणसं खोळंबली होती. पण गुणाबाईनं एक शब्द विचारला नाही. डोंगा वर आला, गराऱ्या काढून घेतल्या, वारलूनं डाव्या हातानं रहाटाची खुंटी काढली आणि रस्सी सळसळत पाण्यात गेली. ऊन माथ्यावर येईपर्यंत पाणी लाल झालं, आणि मुळांसकट उपटलेली दोन झाडं घाटावरून गडगडत निघून गेली. रस्सी खाली तळाला निवांत पडून होती. तिसऱ्या दिवशी ती परत ताणली, गाळ झटकला, डोंगा चालू झाला.

त्यानंतरची एक दुपार. पाणी निवळलं होतं, घाटावर गर्दी नव्हती. मुरमाडीला कोणाकडे तरी जाळी द्यायची होती म्हणून वारलू डोंग्यात चढला. आजवर तो या डोंग्यात कधी बसला नव्हता. उभाच राहायचा, पाठ वाकवून, नजर बांबूच्या टोकावर. आता तो फळीवर मांडी घालून बसला. गुणाबाईनं त्याच्या पुढ्यात मुरमुऱ्यांचा पुडा ठेवला आणि दोर सोडला.

नदीच्या मधोमध आल्यावर वारलू खायचा थांबला. वरच्या अंगाला नदी दोन टेकड्यांमधून वळण घेऊन येत होती, दोन्ही काठांना सागाला पांढरा तुरा आला होता, आणि एक पाणकावळा पंख पसरून खडकावर ऊन घेत होता.

"गुणा," तो म्हणाला, "किती सुंदर हाय वो हे. म्या कवा पायलंच नाई."

"तुमाले सवड कुठी होती," ती म्हणाली.

वारलू बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की बायकोचं लक्ष टेकड्यांकडे नाहीच. ती डोंग्याच्या कडेवरून वाकून खाली बघत होती, जिथं पाणी फळीवर आपटून पांढरं होत होतं.

"आता काय कुरतडून राह्यलं डोक्यात?" त्यानं विचारलं.

"काई नाई," गुणाबाई म्हणाली. पण थोड्या वेळानं तिनं पाण्यात हात घातला, बोटं पसरली आणि धार तळहातावर घेतली. "अजी, हे पाणी डोंगा ढकलते. मंग चाक नाई ढकलनार? चाकाले मुसळ लावलं, तं बायाचं धान कांडून नाई होनार?"

वारलूनं मूठभर मुरमुरे तोंडात टाकले. "पयले मले उतरू दे," तो म्हणाला. "मंग फारूकभाऊले बलावतो."